फुटेल ते पाणचुलीला

"टन म्हणजे काय, ते आधी समजून घे, माई," असं म्हणून भाऊजींनी ओटीवर मांडी घातली.

माई हाताला खोबरेल लावून फणस सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "दरवर्षी टनावारी आंबा कॅनिंगला जातो आपला. काट्यापाशी मीच उभी असते."

"तो वजनाचा टन. हा दाबाचा. लाकडावर जेवढा दाब, तेवढी मशीनची ताकद."

"बरं. मग दाब," माई म्हणाल्या आणि गरे परातीत टाकत राहिल्या.

मी शेजारी बसून आठळ्या वेगळ्या करत होते. ह्या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. माझ्या सासूबाई, माई, गेल्या, भाऊजींचे गुडघे गेले, पण त्यांचा तो समजावण्याचा स्वर अजून माझ्या कानात आहे. विद्याधरभाऊजी माझे थोरले दीर. ठाण्याला पंप तयार करणाऱ्या एका कारखान्यात खरेदीखात्यात होते. पंपाला त्यांनी जन्मात कधी हात लावला नसेल, पण गावात 'मशीनरीतला माणूस' अशी त्यांची ओळख होती आणि ती त्यांनी स्वतःच करून दिलेली होती. वर्षातून एकदा, मे महिन्यात, ते यायचे. आंबे-फणस खायचे, घरात काय काय चुकतंय ते आम्हाला सांगायचे आणि पेट्या भरून घेऊन जायचे. उंटावरून शेळ्या हाकणारे मी पुष्कळ पाहिले, पण भाऊजींचा उंटसुद्धा आमच्याच दारात बांधलेला असायचा.

अडचण मात्र खरी होती. आंबेखोलला आमच्या वाडीत स्वयंपाकाला गॅस आला होता, तरी आंघोळीचं पाणी न्हाणीतल्या पाणचुलीवरच तापायचं. पावसाळाभर पुरतील एवढी फाटी, म्हणजे जळाऊ लाकडं, मे संपायच्या आत फोडून, रचून ठेवावी लागत. फोडणारा गडी मुलाकडे मुंबईला गेला तो परत आलाच नाही. ह्यांच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, कमरेतली चकती सरकलेली. डॉक्टरांनी कुऱ्हाडीला शिवायचं नाही म्हणून बजावलेलं. त्यातच त्या वर्षी वावटळीत विहिरीकडचा जुना रायवळ आंबा उन्मळून पडला. करवतवाल्यानं त्याचे ओंडके करून खळ्यात, घरापुढच्या अंगणात, ढीग घातला आणि ढीग तसाच पडून राहिला. तेव्हा ह्यांनी भाऊजींना फोनवर विचारलं की लाकडं फोडायचं एखादं मशीन मिळतं का. विचारलं कसलं, आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

तसं ह्यांनी आधी स्वतः थोडी चौकशी केली होती. कोल्हापूरकडचा एक कारखानदार असली मशीनं बांधून द्यायचा. दणकट, दहा-बारा टन दाबाचं, दोघांना हलणार नाही असं. तो फोनवर म्हणाला होता, "तुमच्याकडचं सगळ्यात वाईट लाकूड घेऊन या. फोडून दाखवतो, मगच घ्या." मला ते बोलणं फार आवडलं होतं.

भाऊजी ऐकून हसले. "श्रीधर, तुला काय लाकडाची वखार घालायचीय? घरगुती काम आपलं. त्याला चार टन डोक्यावरून पाणी. हे बघ."

त्यांनी मोबाइल पुढे केला. 'स्वस्त' हा शब्द ते कधी उच्चारत नसत, ते 'वाजवी' म्हणत. तर ते वाजवी मशीन एका फिल्ममध्ये चालू होतं. कुठल्याशा हिरवळीवर हातमोजे घातलेला एक गोरा माणूस. त्यानं ओंडका आडवा ठेवला, कळ दाबली, मागून लोखंडी दांडा सरकत आला, त्यानं ओंडक्याला पुढच्या पाचरीवर रेटलं आणि त्याची अलगद दोन शकलं झाली. गोरा माणूस आमच्याकडे बघून हसला.

माईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. त्यांनी मोबाइल नाकाशी धरून बघितला. "हे लाकूड आहे का मुळा?"

"पाइन आहे, माई."

"आपल्याकडे होतं का ते?"

"अगं, लाकूड ते लाकूड."

"गाठीचं फोडतं का?"

"गाठी काय, सगळ्याच लाकडांना असतात."

"ह्याला नव्हती एकसुद्धा," माई म्हणाल्या.

भाऊजींनी मोबाइल खिशात घातला. "तुम्हा लोकांचं हे असं. नवीन वस्तू दारात यायच्या आधीच नाट लावायचा." आणि त्याच दुपारी, ज्या एका झाडाखाली रेंज यायची तिथे उभं राहून त्यांनी ते मशीन मागवून टाकलं. हे काही बोलले नाहीत. हे वर्षातून एकदा बोलतात आणि तेही हळू.

मशीन यायच्या आधीच्या दिवसांतली गोष्ट. भाऊजी न्हाणीतून टॉवेल गुंडाळून बाहेर आले ते ओरडतच. "न्हाणीच्या माळ्यावर एवढं खणखणीत सुकं लाकूड आहे आणि तुम्ही लाकूड नाही म्हणून रडताय?"

"ते माझं आहे," माई म्हणाल्या.

"तुझं म्हणजे?"

"माझ्या सरणाचं. त्याला कुणी हात लावायचा नाही."

घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. भाऊजींनाही सांगून झालेलं होतं, पण आंब्याच्या पेट्या सोडल्या तर इथली कुठलीही गोष्ट त्यांच्या लक्षात राहत नसे. आमच्या वाडीत कुणी गेलं की प्रत्येक घरातून एक लाकूड येतं, आणि उरलेल्यासाठी एखादा आंबा पाडतात. माझे सासरे, आबा, श्रावणात गेले. आभाळ फाटलेलं. थोरले म्हणून सगळं भाऊजींच्या हाती होतं. 'गावात लाकडाला काय तोटा!' असं म्हणून ते निश्चिंत बसले. लोकांनी पागोळीखालची भिजकी लाकडं आणून दिली, आंबा पाडला तर त्याच्या चिरफळ्यांतून पाणी गळत होतं. चिता काही केल्या धरेना. शेवटी रॉकेल झालं आणि मग कुणाच्या तरी जीपचे जुने टायर. आम्ही बायका घरी होतो, पण जळक्या रबराचा वास ओटीवर आला तेव्हा माईंनी मान वर केली. एकदाच विचारलं, "हा कसला वास?" आम्ही बायकांनी पदर नाकाला लावले आणि त्यांनीही पुन्हा विचारलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी घरामागच्या परड्यातला सरळसोट वाढलेला एक आंबा पाडायला लावला आणि त्याचे ओंडके न्हाणीच्या माळ्यावर, पाणचुलीच्या धुरात चढवून ठेवले. धुरातल्या लाकडाला कीड लागत नाही. दिवाळी झाली की ते सगळे खाली उतरवून त्यांना ऊन दाखवायचं आणि परत वर चढवायचे, हा त्यांचा नेम. हिवाळ्यात फाटी कमी पडली तर माई कोमट पाण्याने आंघोळ करायच्या, पण वरची ढलपीसुद्धा काढू द्यायच्या नाहीत. आयुष्यभर त्यांनी कुणाकडून काही मागून घेतलं नव्हतं. आपलं मढं तेवढं दुसऱ्याच्या भिजक्या लाकडावर आणि टायरवर जाऊ नये, एवढीच एक हाव त्यांना होती.

"माई, तुला काय आम्ही उघड्यावर टाकणार आहोत?" भाऊजी म्हणाले. "वेळ आली की सगळं होतं. मी आहे ना!"

"आबांच्या वेळीही तूच होतास."

भाऊजींनी टॉवेल झटकला. "तेव्हा पाऊस होता."

"आता पडायचा बंद झालाय वाटतं," माई म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

मशीन आलं ते खोक्यातून. मला वाटलं शिलाईचं आहे. लाल रंग, दोन लहानशी चाकं, पोटाखाली मोटार. भाऊजींनी ते स्वतः जोडलं आणि दोन नट उरले ते 'जादा दिलेत' म्हणून खिशात टाकले. मग त्यांनी वाडीभर निरोप धाडले की गुरुवारी सकाळी मशीन चालवून दाखवणार, सगळ्यांनी यावं. गुरुवारीच माईंना राजापूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. मी म्हटलं, "भाऊजी, शुक्रवारी करा." तर म्हणाले, "लोकांना सांगून झालंय, वृंदा. आणि माईला त्यातलं काय कळणार आहे?"

रिक्षात बसताना माईंनी त्यांना हाक मारली. "विदू, खळ्यातली लाकडं फोड हो. न्हाणीकडे फिरकू नकोस."

"हो गं बाई, हो!"

आम्ही नसताना काय झालं ते मला नंतर सोनू गुरवानं रंगवून सांगितलं आणि ह्यांनी मान खाली घालून. सोनू आमच्या शेजारचा, देवळाचं बघतो, आणि त्याच्या जिभेला हाड नाही. मशीनला जास्वंद वाहिली, नारळ फोडला. भाऊजींनी व्होल्टेज पुरावं म्हणून घरातला फ्रिज बंद करायला लावला, पंखे बंद करायला लावले. मग रायवळाचा पहिला ओंडका चढवला आणि मशीन चालू केलं. त्या मशीनला एक हात कळीवर आणि दुसरा दांडीवर ठेवावा लागायचा, दोन्ही हात धरलेले असले तरच ते चालायचं. त्यामुळे भाऊजींना बोट दाखवून शिकवता येईना. ही त्या मशीनची मला आवडलेली एकमेव गोष्ट.

दांडा सरकत आला, ओंडका पाचरीवर टेकला, पाचर बोटभर रुतली आणि मशीन 'घुंऽऽ' करून जागीच थांबलं. ओंडका पुढेही जाईना आणि मागेही येईना. घणाचे घाव घालून तो सोडवावा लागला. दुसऱ्याचं तेच, तिसऱ्याचं तेच. जन्मभर वारा खाऊन पिळवटलेलं झाड ते, त्याच्या अंगात गाठीशिवाय दुसरं काही नव्हतं.

"भाव," सोनू म्हणाला, "नारळ मातर येका दणक्यात फुटला हां."

लोक हसले. भाऊजी म्हणाले, लाकूड ओलं आहे. मग म्हणाले, व्होल्टेज नाही. मग म्हणाले, करवतवाल्यानं कापच चुकीचा घेतलाय. नाचता येईना अंगण वाकडं. लोक एकेक करून उठायला लागले, कुणी तरी कुऱ्हाड आणू का म्हणून विचारलं, आणि तेव्हा भाऊजींना माळा आठवला.

"तिथलं नको," हे म्हणाले. "ते माईचं आहे." हे त्या वर्षीचं बोलणं. हळू.

"अरे, एकच घेतो. दाखवण्यापुरतं."

आमची रिक्षा वळणावर आली तेव्हा खळ्यातून टाळ्या ऐकू येत होत्या. डॉक्टरांनी माईंच्या डोळ्यांत थेंब घातलेले, त्यांना सगळं धुरकट दिसत होतं, आणि वर दवाखान्यात दिलेला काळा चष्मा. त्या माझा हात धरून उतरल्या. "टाळ्या कसल्या गो? फुटतंय वाटतं विदूच्या मशीनला. बरं झालं. उगाच बोलले मी त्याला."

मला समोरचं दिसलं होतं. रायवळाचा ढीग होता तसा होता. मशीनपाशी मात्र फाट्यांची रास पडली होती, सरळ, सारख्या, बाहेरून धुरानं काळ्या आणि आतून पिवळ्याजर्द. करवतीनं आधी ओंडक्यांचे दोन-दोन तुकडे केलेले आणि मग मशीनवर चढवलेले. वाडीची माणसं परत येऊन बसली होती, आणि भाऊजी घामानं थबथबून, जत्रेतल्या जादूगारासारखे, शेवटचा तुकडा चढवत होते. तो फुटला. परत टाळ्या.

"माई, आलीस? बघ, बघ!" भाऊजी ओरडले. "तूच म्हणाली होतीस ना? अगदी मुळ्यासारखं फुटलं!"

माई हात पुढे करून चालत गेल्या. रास पायाला लागली तशी वाकल्या, एक फाटं उचललं. त्यावरून बोट फिरवलं. मग नाकाशी नेलं.

टाळ्या थांबल्या. वाडीतल्या एकेका माणसाला तेव्हा उमजायला लागलं की आपण कशाला टाळ्या वाजवत होतो. सोनू गुरव उठून उभा राहिला.

"हे धुरातलं आहे," माई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "सगळी?"

मी न्हाणीच्या दाराशी जाऊन वर बघून आले. माळ्यावर नुसती काजळी होती. "सगळी," मी म्हटलं.

मला इतका संताप आला की त्या मशीनची पाचर उपटून भाऊजींच्या टाळक्यात घालावी. बारा वर्षांचं पोरसुद्धा 'हे आजीचं आहे' म्हटलं की हात मागे घेतं. आणि हा साठी उलटलेला माणूस, चार लोकांनी हसू नये म्हणून आईची चिता फोडून बसला होता.

"एकच घेणार होतो," भाऊजी म्हणाले. "पण मग लोक म्हणाले अजून दाखवा... आणि तुझ्याच उपयोगाचं आहे, माई. वर्षभर पाणी तापेल. सरणाचं काय, नवीन लाकडं ठेवू. गावात लाकडाला काय तो—"

वाक्य अर्ध्यावरच राहिलं. आपण हेच आधी कधी बोललो होतो ते त्यांना आठवलं असावं, किंवा नसेलही, नुसतं माईंचं तोंड बघून थांबले असतील.

ह्यांनी माईंना खुर्ची आणून दिली. त्या बसल्या. काळ्या चष्म्यामुळे त्या कुठे बघतायत ते कळत नव्हतं. मला वाटलं आता त्या रडतील, आणि रडल्या असत्या तर भाऊजींना सोपं गेलं असतं. त्यांनी जवळ घेऊन पाठीवरून हात फिरवला असता आणि संध्याकाळपर्यंत सगळं विसरले असते.

"विदू," माई म्हणाल्या, "आता जोडायचं मशीन बघ. वाजवीतलं."

मागे कुणी तरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"माई, चेष्टा काय करतेस? सांगतोय ना, नवीन ठेवू. एवढा ढीग पडलाय की रायवळाचा. आंबाच आहे."

"खरंच की. त्यातलं चांगलं कुठलं?"

"सगळंच चांगलं."

"मग निवड. चढव एकेक मशीनवर."

भाऊजींना कळेना. "पण सरणाला फोडून कशाला..."

"फुटेल ते पाणचुलीला. नाही फुटणार ते माझं." माईंनी मांडीवरचं फाटं बाजूला ठेवलं. "तुझ्या हातून वाचेल तेच माझ्यापर्यंत पोचेल, बाबा. चढव."

भाऊजींनी इकडेतिकडे बघितलं. माणसं निघून जातील अशी त्यांना आशा होती. पण सकाळी घाईत असलेली तीच माणसं आता ऐसपैस बसली होती. मी आत जाऊन कोकमाचं सरबत केलं आणि सगळ्यांना पेले भरून दिले, तेवढाच माझा हातभार.

पहिला ओंडका चढला. घुंऽऽ. अडकला. सोनूनं घण घालून सोडवला आणि माईंच्या पायाशी आणून ठेवला. माईंनी त्याच्यावर हात ठेवून बघितलं. "वर."

दुसरा चढला. घुंऽऽ. "वर."

मला अजून ती दुपार डोळ्यांसमोर दिसते. सकाळी ह्याच मशीनची ताकद सांगणारे भाऊजी दोन्ही हात गुंतवून उभे होते आणि प्रत्येक ओंडक्यागणिक आपलं मशीन कसं कुचकामी आहे ते सगळ्या वाडीला दाखवून देत होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. एखादा ओंडका फुटावा म्हणून ते दांडीवर असे रेलायचे की मशीन नव्हे, तेच लाकूड फोडतायत असं वाटावं. मधूनच एखादा फुटायचा. सोनू तो उचलून बाजूला टाकायचा आणि म्हणायचा, "ह्यो कच्चा निघाला, आंघोळीला!" आणि पुढचा अडकला की सगळी वाडी 'हांऽऽ' करायची.

"मोटार तापलीय," भाऊजी एकदा म्हणाले.

"निवू दे," माई म्हणाल्या. "आम्हाला घाई नाही."

उन्हं कलली तेव्हा ढीग संपला. न फुटलेले ओंडके आखूड होते, पण मांडीएवढे जाड आणि गाठींनी भरलेले. सोनू म्हणाला, "माई, आखूड हायत, पन विस्तव धरतील. ह्ये लाकूड लवकर जळायचा नाय." मग माणसांनी साखळी केली आणि एकेक ओंडका न्हाणीच्या माळ्यावर चढवला. शिडीच्या पायथ्याशी भाऊजींना उभं केलं होतं. प्रत्येक ओंडका त्यांच्या हातातून वर गेला. माई दाराशी उभ्या राहून शेवटचा वर जाईपर्यंत हलल्या नाहीत.

भाऊजी दुसऱ्या दिवशीच गेले. पेट्या मात्र विसरले नाहीत. मशीन पडवीत ताडपत्रीखाली राहिलं, पुढे त्याच्या मोटारीच्या खाचेत कोंबडी अंडी घालायला लागली.

आणि माई त्या फोडलेल्या फाट्यांवर रोज आंघोळ करू लागल्या. उभ्या आयुष्यात कधी केली नसेल अशी, पाठ लाल होईपर्यंत कढत पाण्याने. मी चुलीत लाकूड घालताना हात आखडला की आतून ओरडायच्या, "घाल गो वृंदे आणखी दोन! माझ्या सरणातली आहेत, कुणाच्या बापाची नाहीत!" आणि आम्ही दोघी हसत सुटायचो. रास उतरत आली तेव्हा एकदा म्हणाल्या, "थोडी ठेव हो बाजूला. मला पोचवून येतील त्यांना आंघोळीला लागतील."

मी ती एका पोत्यात बांधून कोपऱ्यात ठेवली. पोतं बरीच वर्षं तसंच राहिलं.

माई गेल्या त्या ऐन आषाढात. बाहेर पाऊस असा की खळ्यातलं तुळशीवृंदावन दिसेना. भाऊजी ठाण्याहून रात्रीच्या गाडीनं आले, पायरीवर बसून रडले, आणि डोळे पुसून ह्यांना म्हणाले, "श्रीधर, लाकडांचं काय करायचं रे? ह्या पावसात?"

ह्यांनी न्हाणीकडे बोट दाखवलं.

पुरुष माईंना घेऊन गेले. आम्ही बायका ओटीवर बसून राहिलो. मी सारखी वास घेत होते. टायरचा नाही, रॉकेलचा नाही. बऱ्याच वेळानं ओल्या वाऱ्याबरोबर आला तो आंब्याच्या लाकडाचा धूर, आमच्या न्हाणीत रोज सकाळी असायचा तसाच. मी सकाळपासून रडले नव्हते, तेव्हा रडले.

सोनू गुरव सगळ्यांच्या आधी परत आला. डोक्यावरचं इरलं काढून पायरीवर ठेवत म्हणाला, "वयनी, पावसाला भीक घातली नाय लाकडानं. येकदा धरला तो धरला. उद्या सकाळपावेतो विस्तव ऱ्हाणार."

रीतीचं स्नान नदीवर झालं होतं, पण सगळे कुडकुडत आले होते. त्या दिवशी स्वयंपाकघरात चूल पेटवत नाहीत, पण न्हाणीतल्या पाणचुलीला तशी बंदी नाही. मी कोपऱ्यातलं पोतं सोडलं आणि चूल पेटवली. ती फाटी कागदासारखी पेटली. एकेक जण आंघोळ करून जात होता.

शेवटी भाऊजी आत गेले. मी बाहेरच्या अंगानं चुलीशी बसले होते. आत तांब्या-बादलीचा आवाज आला, मग त्यांनी हुश्श केलं.

"वृंदा, पाणी काय मस्त कढत झालंय गं! अगदी जिवात जीव आला. लाकूड कुठलं हे?"

"तुम्ही फोडलेलं, भाऊजी," मी म्हटलं.

आतला पाण्याचा आवाज थांबला. मी आणखी दोन फाटी चुलीत सारली आणि फुंकर घातली.